स्फटिकाची साय

चैत्र उतरणीला लागला की आमच्या गल्लीत कूलर बाहेर निघतात. वर्षभर गच्चीवर पडून असलेले पत्र्याचे डबे खाली येतात, जुना वाळा उपटून नवा भरला जातो, आणि पहिली मोटार घरघरली की ओल्या वाळ्याचा वास घराघरांतून फिरतो. यंदाही तो फिरला. मी वरांड्यात चहा घेत बसले होते. वास नाकात शिरला आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, “कूलर बंद करा.” सून आतून धावत आली, काय झालं म्हणून. तिला म्हटलं, काही नाही, एक जुना उन्हाळा आठवला.

तो उन्हाळा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. मी तेव्हा वर्ध्याच्या एका कॉलेजात तात्पुरत्या जागेवर पदार्थविज्ञान शिकवत होते आणि उमाटे मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. रोज सकाळी पुलगावहून गाडीनं यायचं. बाबांची वर्धा नदीच्या पात्रात डांगरवाडी होती. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या रेतीत ते खरबुजं लावायचे, आमच्याकडं त्यांना डांगरंच म्हणतात. काठावरच्या तुकड्यात वांगी, ढेमसं, पालक. त्यामुळं माझ्या पिशवीत पुस्तकांबरोबर बहुतेक वेळा एखादं डांगर असायचं आणि माझ्या शोधप्रबंधाच्या कच्च्या पानांनाही त्याचा गोड वास लागलेला असायचा.

वर्ध्याचं ऊन ज्यानं सोसलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. सकाळी आठलाच सडकेवरचं डांबर मऊ व्हायला लागतं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कडुनिंबाच्या सावलीत एखादी गाय उभी, डोळे मिटून, आणि सगळं गाव दारं लोटून अंधारात बसलेलं. त्या उन्हाचा मला आजही धाक आहे, पण त्या धाकात एक आनंदही आहे, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जीत मी त्याच उन्हात पाहिली.

मॅडम तेव्हा साठीला टेकल्या होत्या. आष्टीकडच्या शेतकरी घरातल्या. उंच, काटक, सुती पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या श्वासाला नेहमी लसणाचा वास यायचा आणि स्टाफरूममधले लोक त्यावरून हळूच हसायचे. मॅडम लसूण खातच नव्हत्या. तो वास टेल्युरियमचा होता. या मूलद्रव्याचा कण जरी पोटात गेला तरी माणसाच्या श्वासाला कित्येक दिवस लसणाचा वास येतो. मला हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वर म्हणाल्या की काम मनापासून केलंस तर तुझ्याही मैत्रिणी तुझ्यापासून लांब बसायला लागतील. वर्षभरात तसंच झालं.

कॅडमियम आणि टेल्युरियम यांचा स्फटिक बनवणं, हे मॅडमचं आयुष्याचं काम. हे दोन्ही पदार्थ क्वार्ट्झच्या नळीत भरायचे, आतली हवा काढून नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, आणि ती भट्टीतून इतक्या सावकाश खाली सरकवायची की सरकताना डोळ्यांना दिसू नये. आठवडे लागायचे. भट्टीची तार मॅडमनी स्वतः गुंडाळलेली होती. मी यायच्या आधी एकदा नळी आतल्या आत फुटली होती आणि खोलीभर काळा धूर झाला होता. त्यांनी खोली धुऊन काढली आणि दुसरी नळी भरायला घेतली. शेवटी हाती यायचा तो बोटाएवढा, काळाकुट्ट, तुटल्या जागी आरशासारखा चमकणारा गोळा.

त्याचा उपयोग किरणोत्सर्ग पकडायला. स्फटिकाची नखाएवढी चकती कापायची, दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ लेप द्यायचा आणि विजेचा दाब लावायचा. एरवी तिच्यातून वीज वाहता कामा नये. गॅमा किरण येऊन आदळला की मात्र क्षणभर एक बारीकसा ठोका उमटतो. तो ठोका मोजला की किरण किती ताकदीचा होता ते कळतं. हेच काम करणारे दुसरे स्फटिकही होते, पण त्यांना सतत द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठवून ठेवावं लागे. वर्ध्यात मे महिन्यात बर्फाचा गोळा सडकेवर येईस्तोवर निम्मा होतो, तिथं द्रवरूप नायट्रोजन कुठून आणणार. आमचा काळा स्फटिक साध्या खोलीत चालणारा होता. सेवाग्रामच्या रस्त्यानं जाताना मॅडम एकदा म्हणाल्या होत्या की असं यंत्र कधीतरी खेड्यातल्या दवाखान्यात, रोग्याच्या खाटेशी नेता आलं पाहिजे.

पण आमच्या चकत्या गळत होत्या. किरण नसतानाही त्यांच्यातून वीज झिरपत राहायची, आणि त्या झिरपण्यात ठोका बुडून जायचा. बाजारात उभं राहून कुणाची कुजबूज ऐकावी तसं ते होतं.

होळीच्या सुमारास मुंबईहून दातार आले. आमच्या प्रकल्पाला मदत देणाऱ्या संस्थेचे ते शास्त्रज्ञ. माणूस सरळ होता, उगाच गोड बोलणारा नव्हता. त्यांनी दोन दिवस एकेक चकती तपासली, सगळ्यांत वाईट निघालेल्या चकतीच्या कडेला सुईनं फुलीची खूण केली आणि म्हणाले की स्फटिक आतूनच अशुद्ध दिसतो. मेअखेरीस ते पुन्हा येणार होते. तोवर फरक पडला नाही तर काम थांबवायचं आणि भट्टी दुसरीकडं पाठवायची. मॅडम तशाही जूनमध्ये निवृत्त होत होत्या.

मॅडम फक्त “बरं” म्हणाल्या आणि त्यांना चहा दिला. ते गेल्यावर त्यांनी ती फुलीची चकती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. इतक्या वर्षांचं काम, आणि त्यावर आतूनच खराब असा शिक्का. माझा अर्धा प्रबंध त्याच स्फटिकावर उभा होता, पण त्या घटकेला मला माझं काही आठवलं नाही.

परीक्षा आटोपल्या, पोरं गावोगावी गेली, कॉलेज ओस पडलं. त्या रिकाम्या इमारतीत आम्ही दोघीच. डोक्याला ओला दुपट्टा बांधून मी स्टेशनवरून चालत यायची, तोवर मॅडमनी कूलरची टाकी भरून ठेवलेली असायची. मग दिवसभर मापं घ्यायची. दाब वाढवायचा, मीटरचा काटा पाहायचा. काटा चढायचा आणि आमचं मन उतरायचं.

एका दुपारी मी एकटीच होते, मॅडम काही कामानं बाहेर गेल्या होत्या. काटा हळूहळू खाली यायला लागला. मी वायरी तपासल्या, दाब तपासला, सगळं जिथल्या तिथं होतं. मग लक्षात आलं की खोलीतली हवा कोरडी झाली आहे. कूलरची टाकी रिकामी पडली होती. पंखा नुसता गरम झोत मारत होता. मी बादलीभर पाणी आणून ओतलं. वाळा भिजला, गारवा आला, आणि काटा पुन्हा चढला. मी कूलर बंद केला. घामानं अंग निथळायला लागलं, काटा उतरला. मला बसवेना. मी तशीच खोलीत येरझारा घालत मॅडमची वाट पाहत राहिले.

त्या आल्या तेव्हा मी त्यांना घाम टिपायचीही फुरसत दिली नाही. कूलर चालू, कूलर बंद, दोन्ही करून दाखवलं. म्हटलं, “मॅडम, हवेतलं पाणी स्फटिकाच्या आत जाऊ शकत नाही.”

त्यांनी स्वतः कूलर एकदा चालू-बंद करून काटा पाहिला. मग अगदी सावकाश म्हणाल्या, “म्हणजे वीज आतून जात नाहीये. वरून जातेय.”

उन्हाळा म्हटलं की लोकांना आंबा आठवतो, मोगरा आठवतो, माठाचं पाणी आठवतं. मला त्या दुपारची ती खोली आठवते. बंद खिडक्यांच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या रेघा, त्यांत तरंगणारी धूळ, आणि आपल्याला एक गोष्ट कळली आहे आणि ती अजून सिद्ध करायची आहे, ही हुरहूर. इतकी वर्षं शिकवलं, पण मुलांना मी हे कधी नीट सांगू शकले नाही, की कळणं आणि सिद्ध होणं यांच्या मधला तो काळ किती सुंदर असतो.

सिद्ध करायची रीत पुस्तकात होती. चकतीच्या एका बाजूला मधोमध सोन्याची टिकली आणि तिच्याभोवती थोडी फट सोडून सोन्याचं कडं काढायचं. पृष्ठभागावरून जी वीज सरपटत येईल ती कड्यात पकडली जाऊन परस्पर निघून जाईल, आणि टिकलीपर्यंत पोचेल ती फक्त स्फटिकाच्या पोटातून आलेली. पण नखाएवढ्या चकतीवर अशी टिकली आणि असं कडं काढायचं कसं? माझी आई कुंकू लावायच्या आधी कपाळावर मेण लावायची. जिथं मेण तिथंच कुंकू बसायचं, तसूभर इकडंतिकडं नाही. मी उलटं केलं. बारीक कुंचल्यानं फटीच्या जागी मेणाचं वर्तुळ काढलं आणि वर सोन्याच्या क्षाराचा थेंब सोडला. मेण नव्हतं तिथं सोनं आपोआप बसलं. मेण पुसल्यावर खाली टिकली आणि कडं, दोन्ही वेगवेगळी. कितीतरी चकत्या बिघडल्या. एक साधली.

ती साधली तेव्हा आम्ही कड्याला एक आणि टिकलीला एक असे दोन मीटर जोडून सकाळच्या गारव्यात माप घेतलं. कड्याचा काटा चढला. टिकलीचा काटा जवळजवळ जागचा हललाच नाही. मॅडमनी वायरी उलटसुलट करून पुन्हा माप घेतलं. मग मला बाजूला करून स्वतःच्या हातानं घेतलं. तेच. त्या स्टुलावर बसल्या, चपला काढल्या आणि पाय गार फरशीवर टेकवले. स्फटिक आतून स्वच्छ होता. इतकी वर्षं स्वच्छच होता.

पण तेवढ्यानं भागत नव्हतं. कूलर बंद केला तरी गळती कमी व्हायची, थांबायची नाही. पृष्ठभागात ओलाव्याखेरीज आणखी काही होतं. मॅडमनी फळ्यावर आमची सगळी कृती लिहून काढली आणि एका जागी थांबल्या. चकती कापून घासली की तिच्यावर ओरखडे राहतात. ते जावेत म्हणून आम्ही ती मिथेनॉलमध्ये मिसळलेल्या ब्रोमिनमध्ये बुडवायचो. डोळे झोंबवणारा तांबडा धूर निघायचा आणि चकती चकचकीत होऊन बाहेर यायची. ती चकाकी पाहून आम्ही खूश व्हायचो. मॅडम म्हणाल्या, “हा ब्रोमिन दोघांना सारखा खात नाही. कॅडमियम पटकन खातो आणि टेल्युरियम मागं ठेवतो. दुधावर साय धरावी तशी वर टेल्युरियमची साय राहते, आणि ती साय वीज वाहून नेते.”

म्हणजे आमचा स्फटिक एक आणि त्याची कातडी दुसरीच. आत दोन्ही पदार्थ बरोबरीनं, वर मात्र एकाचंच राज्य. पुढं बऱ्याच वर्षांनी पृष्ठभागावरच्या अणूंची पारख करणारं यंत्र मी पाहिलं. एका पडद्यावर टेल्युरियमची रेघ उंच आणि कॅडमियमची बुटकी. माझ्याबरोबरचे विद्यार्थी पुढं निघून गेले आणि मी त्या पडद्यासमोर उभीच राहिले. मॅडमनी हे फळ्यासमोर खडू हातात धरून ओळखलं होतं.

साय काढायची कशी? ब्रोमिन कमी केला, धुणं वाढवलं, नुसती घासून पाहिली. प्रत्येक वेळी काटा चढलेला. मेचा तिसरा आठवडा गेला. त्याच दिवसांत बाबा एकदा डांगरांचं पोतं घेऊन वर्ध्याच्या बाजाराला आले आणि मला पाहायला कॉलेजात डोकावले. कूलर बंद, खिडक्या बंद, आम्ही दोघी घामानं चिंब. ते दारातच थबकले.

“काऊन वं मंदा, कूलर आसून बंद काऊन ठेवला? मराचं हाय का?”

मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी टेबलावरच्या काळ्या गोळ्याकडं पाहिलं, मग मॅडमकडं, आणि एक डांगर कापून आमच्यासमोर ठेवलं. मॅडमना म्हणाले, “खाऊन घ्या बाई. उपाशीपोटी ऊन लवकर लागते.” आम्ही खाल्लं. बाबांना आमच्या कामातलं फारसं उमगलं नसेल, पण निघताना त्यांनी मला घरी चल म्हटलं नाही. चुलतभावाच्या लग्नाची गडबड होती, आई वाट पाहत होती, तरी नाही. दारातून फक्त म्हणाले, “झालं की येजो.”

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या त्या हातात औषधाच्या दुकानातली बाटली घेऊन. हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला वापरतात ते. त्या रात्रभर विचार करत असाव्यात, कारण पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागल्या. म्हणाल्या की आपण साय काढायच्या मागं लागलो होतो, ती राहू द्यावी आणि तिलाच बदलावं. टेल्युरियम वीज नेतो, पण त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की होणारा पदार्थ वीज नेत नाही. उलट तो चकतीवर पांघरुणासारखा बसेल, आणि कदाचित बाहेरचा ओलावाही मग तिला बाधणार नाही.

सोन्यावर मेण लावून आम्ही चकती कोमट पेरॉक्साइडमध्ये सोडली. बारीक बुडबुडे आले. राखी चकाकी मावळत गेली आणि चकतीच्या अंगावर मोराच्या मानेसारखी निळसर झाक चढली. धुतली, वाळवली, मेण उतरवलं, वायरी जोडल्या. मॅडमनी दाब वाढवायला सुरुवात केली. काटा थरथरला आणि तळाशीच राहिला. दाब आणखी वाढवला. तिथंच. मी उठले आणि कूलर सुरू केला. ओला वारा थेट टेबलावर आला. काटा होता तिथंच होता. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या वाऱ्यात उभ्या होतो. इतक्या दिवसांनी अंगाला गारवा लागत होता, आणि त्याची आता आम्हाला भीती नव्हती.

दातार आले तो दिवस त्या उन्हाळ्यातला सगळ्यात तापलेला असावा. गाडी उशिरा आली, मुंबईहून आणलेलं त्यांचं यंत्र हातगाडीवरून कॉलेजात पोचलं, आणि ते स्वतः लालबुंद होऊन खुर्चीत बसले. मॅडमनी त्यांना पन्हं दिलं. काहीच सांगितलं नाही. एक चकती त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी ती यंत्राला जोडली, समोर किरणोत्सारी अमेरिसियमची छोटीशी बंदिस्त गोळी ठेवली आणि पडदा सुरू केला. हिरवे ठिपके पडायला लागले, आधी विखुरलेले. मग एका जागी दाटायला लागले. उंचवटा झाला. उंचवट्याची टेकडी झाली, आणि टेकडीचं टोक वर वर चढत गेलं, जिथं ते चढायला हवं बरोबर तिथंच. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढं होता, खोलीत कूलर ओलावा फेकत होता, आणि ती नखाएवढी चकती एकेक किरण मोजत होती.

दातारांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या अगदी जवळ डोळे नेले. गोळी काढली, टेकडी वाढायची थांबली. गोळी ठेवली, पुन्हा चढायला लागली. त्यांनी विचारलं, हा नवीन स्फटिक कधी केलात?

“नवीन नाही. कडेला बघा,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी चकती सोडवून भिंगाखाली धरली. कडेला त्यांच्याच हातची सुईची फुली होती.

दातार उठून उभे राहिले, मॅडमसमोर. “मी या स्फटिकाला आतून खराब म्हटलं होतं. माझं चुकलं.”

“मापं तुमची बरोबरच होती,” मॅडम म्हणाल्या. “वीज कुठून जाते ते आपल्याला दोघांनाही दिसत नव्हतं. या पोरीला दिसलं.”

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. बाहेर गुलमोहर पेटला होता. एवढ्या उन्हात एखादं झाड इतकं लाल कसं होऊ शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

संध्याकाळी डांगरवाडीत रेतीवर बसून मी बाबांना हे सांगितलं. ते वेल उचलून खालची फळं चाचपत होते. म्हणाले, “मंग तुह्या बाईंचा गोटा चांगला निंगाला म्हन.” एवढंच. पण नंतर आठवडाभर बाजारात येईल त्याला ते सांगत सुटले होते की आमच्या पोरीनं मुंबईच्या सायबाले गोटा दाखवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दातारांना स्टेशनवर पोचवायला गेलो. यंत्र सामानाच्या डब्यात गेलं. स्फटिकाचा उरलेला काळा गोळा मात्र त्यांनी कुणाकडं दिला नाही. कापसात गुंडाळून, डब्यात घालून, तो डबा मांडीवर धरून बाकावर बसले. गाडीला वेळ होता. वारा भट्टीतून आल्यासारखा येत होता. दातार म्हणाले की मदत थांबणार नाही, उलट जास्त चकत्या लागतील, आणि भट्टी कुठंही जाणार नाही. मग जरा अडखळून म्हणाले की मॅडम निवृत्त होताहेत हे त्यांना ठाऊक आहे, पण त्या येत राहतील का?

मॅडम कॉलेजात नेहमी पुस्तकी, धुतलेली मराठी बोलत. मी त्यांच्या तोंडून गावची बोली कधी ऐकली नव्हती. तिकडं बायकाही ‘येते’ म्हणत नाहीत, ‘येतो’च म्हणतात, जशी माझी आई म्हणायची. मॅडमनी पदरानं तोंडावरचा घाम टिपला, रुळांच्या लांबच लांब चकाकीकडं पाहिलं आणि हसल्या.

“मंग घरी बसून मी काय करू? उद्या सकाळीच दुसरी नळी भरतो.”